चर्चेप्रमाणे सादर

सरकारी कचेरीत पारदर्शकता आल्याचे सामान्य माणसाला प्रथम कळले ते काचेमुळे. पूर्वी लाकडी पार्टिशन असायचे आणि त्याला गजांची खिडकी. आता आरपार काच. आतले सगळे दिसते. टेबले, टेबलांवरचे गठ्ठे, गठ्ठ्यांमागची माणसे आणि माणसांपुढचे डबे. या काचेला खाली, साधारण पोटाच्या उंचीवर, एक अर्धगोल भोक असते. सरळ उभे राहिले की आतला माणूस दिसतो, पण काय बोलतो ते ऐकू येत नाही. वाकून भोकाला कान लावला की ऐकू येते, पण दिसतो तो फक्त स्टेपलर. पाहणे आणि ऐकणे एकाच वेळी जमेल अशी काच अजून कोणत्याही निविदेत आलेली नाही.

दुसरी खूण म्हणजे फलक. प्रत्येक कचेरीत ‘नागरिकांची सनद’ लावलेली असते. सेवेचे नाव, लागणारी कागदपत्रे, कालावधी, जबाबदार अधिकारी, काम न झाल्यास तक्रार कोणाकडे, असे रकाने पाडलेला हा फलक मी नेहमी आवडीने वाचतो. एका कचेरीत त्याच्यापुढे गोदरेजचे कपाट ठेवलेले होते. जागेची अडचण असणार, माझी तक्रार नाही. पण कपाट असे बसले होते की ‘सेवेचे नाव’ हा रकाना पूर्ण दिसावा आणि ‘कालावधी’पासून पुढचे सगळे कपाटाआड जावे. कपाट हलवणाऱ्या शिपायाला याचे श्रेय द्यावे की साहेबांना, हे ठरवता आले नाही.

तर आमच्या गल्लीतला पदपथ. बरा होता. म्हणजे दोनचार ब्लॉक डुगडुगत होते आणि पावसात त्यांच्यावर पाय पडला की पँटवर पिचकारी उडायची, पण लोकांना ते ब्लॉक पाठ झाले होते. मार्च महिन्यात तो अचानक उखडला गेला. मार्चमध्ये का, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. कडेला कामाची माहिती देणारा फलक उभा राहिला, नियमाने राहावाच लागतो. ‘कामाचे नाव : प्रभागामध्ये विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार पदपथ सुधारणा करणे.’ विविध ठिकाणे कोणती, याचा पत्ता नाही. आवश्यकता कोणाची, तेही नाही. पुढे ‘अंदाजित रक्कम’ असे लिहून एक सुबक मोकळी जागा सोडली होती. ‘दोषदायित्व कालावधी : ३ वर्षे’ मात्र भरलेले होते. याचा अर्थ असा की तीन वर्षांत काम बिघडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. त्याच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून बहुधा आधीच महापालिका ते पुन्हा उखडते.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी काचेच्या आतल्या बाजूला काढल्यामुळे बाहेरच्या बाजूची त्यांना भलती हौस आहे. फलकापुढे उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “माहिती अधिकार टाकू.”

हा कायदा ‘वापरत’ नाहीत, ‘टाकतात’. विहिरीत गळ टाकावा तसा.

काकांनी जोडपत्र ‘अ’ काढले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप मिळवायला आम्ही तहसील कचेरीच्या बाजूच्या बोळात हिंडलो. तिथल्या तिसऱ्या टपरीवाल्याने दहाचा नाही पण पाचाचे दोन आहेत, असे सांगून वर सुट्टे मागितले. सरकारचे ऑनलाइन पोर्टल आहे, घरबसल्या अर्ज करता येतो, हे मी सुचवून पाहिले. काका म्हणाले, “ऑनलाइनला पोच येते, शिक्का येत नाही.” शिक्क्याशिवाय सरकारवर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांना सरकारनेच शिकवले आहे.

महाराष्ट्रात आणखी एक बंधन आहे. २०१२ सालच्या नियमाने अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा आणि विषय एकच ठेवायचा. ज्यांच्या शासन निर्णयांतल्या प्रस्तावनेला पहिला पूर्णविराम भेटेपर्यंत वाचणाऱ्याला दम लागतो, त्यांनी नागरिकाला संक्षेपाचे महत्त्व पटवावे, हे मला फार आवडले. काकांनी शब्द मोजून ‘कृपया’ काढून टाकले. मग ‘आदरणीय’ गेले. शेवटी ‘आपला विश्वासू’वर आले तेव्हा मी म्हटले, एवढे राहू द्या, ते मोजत नसतील.

अर्ज देताना कारण सांगावे लागत नाही. कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. त्यामुळे काचेआडच्या बाईंनी कारण विचारले नाही. “तुम्ही कुठले?” “कुठल्या पक्षाचे?” “त्या नगरसेवकांचे कोण लागता का?” एवढेच विचारले.

तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. पदपथावर जिवाचा प्रश्न येतो की नाही यावर मतभेद होऊ शकतात, पण आम्ही ताणले नाही. पाकीट बरोबर मुदतीच्या आदल्या दिवशी आले. आत एकच पान.

‘विषयांकित प्रकरणी आपणांस कळविण्यात येते की, मुद्दा क्र. १ : मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. मुद्दा क्र. २ : निरंक. मुद्दा क्र. ३ : सदर बाब या विभागाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज कलम ६(३) अन्वये हस्तांतरित करण्यात आला आहे. मुद्दा क्र. ४ : माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने आपण कार्यालयात समक्ष येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे.’

मी चिडलो. काका खूश झाले. पत्र दोनदा वाचून त्यांनी मान डोलावली. “ड्राफ्टिंग पाहा,” ते म्हणाले. “चार मुद्दे, चार वेगळ्या जागा. एकदाही ‘देणार नाही’ म्हटलेलं नाही.” त्या कलम ६(३) विषयी मात्र कायद्याचे कौतुक केले पाहिजे. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांत तिकडे धाडायचा, असे ते सांगते. सरकारात जी कामे मुदतीच्या आत होतात त्यांत हे अग्रभागी आहे. पाच दिवसांत काम करायचे म्हटले तर हात थरथरतात. पाच दिवसांत दुसऱ्याकडे ढकलायचे म्हटले की तिसऱ्याच दिवशी जावक क्रमांक पडतो.

अवलोकनाची मात्र सोय झाली आहे. पुणे महापालिकेने पूर्वीच सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागद पाहण्यासाठी दार उघडले होते. २०१८ साली राज्य शासनाने ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कार्यालयांना आणि महापालिकांनाही लागू केली. त्याप्रमाणे आम्ही सोमवारी तीन वाजता हजर झालो. संबंधित लिपिक साइटवर गेले होते. साडेतीनला ते आले. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते साइटवर गेले होते. चारच्या सुमाराला नस्ती टेबलावर आली आणि तिच्याबरोबर, हे नमूद केले पाहिजे, दोन कप चहाही आला.

आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने सरकारी नस्ती वाचावी. तिचे दोन भाग असतात. एक पत्रव्यवहाराचा, त्यात बाहेरचे कागद. दुसरा टिपणीचा, त्यात आतल्या माणसांनी एकमेकांना लिहिलेले. खरा रस टिपणीत. आमच्या पदपथाची कथा अशी सुरू होत होती : ‘सविनय सादर. प्रभागातील पदपथ नादुरुस्त झाले असून ते सुधारण्याची नागरिकांची मागणी आहे.’ कोणा नागरिकांची, म्हणून आम्ही पत्रव्यवहार चाळला. नागरिकाचे एकही पत्र नव्हते. ‘लोकप्रतिनिधींचे पत्र’ होते. त्यांना नागरिकांनी तोंडी सांगितले असणार. खाली कनिष्ठ अभियंत्यांची सही, ‘मान्यतेस्तव सादर’. मग उपअभियंता : ‘प्रस्तावाशी सहमत.’ मग कार्यकारी अभियंता : ‘शिफारस आहे.’ इथपर्यंत सगळे सगळ्यांशी सहमत. एवढा एकोपा आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीच्या वेळीही दिसत नाही.

आणि मग समासात, हिरव्या शाईत, तिरक्या अक्षरात दोनच शब्द : ‘चर्चा करावी.’

पान उलटले. मध्ये बारा दिवस गेलेले. नवी टिपणी सुरू : ‘मा. महोदयांशी झालेल्या चर्चेप्रमाणे फेरप्रस्ताव सादर.’ फेरप्रस्तावात पदपथाची लांबी कमी झाली होती आणि रक्कम वाढली होती. करड्या ब्लॉकच्या जागी रंगीत, एकमेकांत अडकणारे ब्लॉक आले होते. पहिला प्रस्ताव गल्लीच्या दोन्ही बाजूंचा होता, दुसरा एकाच. का? कोणी सुचवले? साहेब काय म्हणाले? अभियंते काय म्हणाले? खोलीत आणखी कोण बसले होते? नस्तीत एक अक्षर नाही. पान क्रमांक मात्र सलग, प्रत्येक पानावर शिक्का, कुठे खाडाखोड नाही. नस्ती आरसपानी. जे ठरले ते त्या दोन टिपण्यांच्या मधल्या बारा दिवसांत, चहाबरोबर ठरले.

मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, “अहो, कागदावर आली तर ती चर्चा कसली?”

कायद्याचा हात तसा लांब आहे. ‘माहिती’च्या व्याख्येत अभिलेख, दस्तऐवज, ई-मेल, अभिप्राय, सल्ले, परिपत्रके, आदेश, लॉगबुके, करार, नमुने, प्रतिकृती असे कायकाय घेतले आहे. एवढेच नव्हे, कामात वापरलेल्या सामग्रीचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही दिला आहे. हे कळताच काकांनी तिथल्या तिथे रंगीत ब्लॉकचा प्रमाणित नमुना मागितला. लिपिक बराच वेळ विचारात पडले. नकार द्यायचा नव्हता, त्यांची अडचण वेगळी होती. “साहेब, शिक्का कुठे मारायचा? वरून मारला तर पायाने जाईल.” शेवटी बाजूने मारू असे ठरले. म्हणजे या कायद्याला पेव्हर ब्लॉक गाठता येतो, चर्चा गाठता येत नाही.

मग काकांनी याच पदपथाची मागची नस्ती मागितली, आधीचे ब्लॉक बसवले तेव्हाची. ती ‘शोध घेतला असता आढळून येत नाही’. ‘हरवली’ असे कोणी म्हणाले नाही. महाराष्ट्राचा २००५ सालचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे; त्यात अभिलेख नाहीसे करणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा आहे. त्यामुळे कागद हरवत नाहीत, फक्त आढळत नाहीत. हरवणे हा गुन्हा आहे, न आढळणे हा अनुभव.

याच पुण्यात पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड १९३० च्या दशकात छापले, तरी बरेचसे अजून मोडीतच आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या दाणावैरणीचा, बक्षिसांचा, ब्राह्मणभोजनाचा हिशेब तिथे मागितला तर मिळतो. स्वीडनने १७६६ साली जगात प्रथम सरकारी कागद पाहण्याचा हक्क कायद्याने दिला, तेव्हा इकडे थोरल्या माधवरावांची कारकीर्द होती. आपल्याकडे हक्क नव्हता आणि कागद होते. आता हक्क आहे.

हा हक्क काही आभाळातून पडला नाही, हे आमच्यासारख्या टपरीवर स्टँप शोधणाऱ्यांना आठवत नाही. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी जनसुनावणी घेतली. युक्ती अगदी साधी होती. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिले मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. वाचताना माणसे उठून सांगू लागली, हा तर कधी कामावर नव्हताच. अशा सुनावण्यांत मेलेल्यांचीही मजुरी निघाली. आपल्या रोजगार हमीचे हजेरीपट पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही, फक्त ते मोठ्याने कोणी वाचले नव्हते. पुढे १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. इकडे महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा कायदा केला, त्याच्या मंजुरीसाठी अण्णा हजारे २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसले. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला.

त्या कायद्याचे कलम ४ वाचले की वाटते, आम्ही अर्ज टाकलाच का? प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती कोणी न मागताच, एकशे वीस दिवसांत, आपणहून जाहीर करायची आहे. कर्तव्ये, अधिकार, अंदाजपत्रके, खर्च, अगदी कर्मचाऱ्यांचे पगारसुद्धा. अनेक कार्यालयांनी केलीही आहे. मी एका संकेतस्थळावर ती उघडली. स्कॅन केलेली पाने, सगळी आडवी. मान खांद्याला टेकवून वाचू लागलो. जन माहिती अधिकारी म्हणून ज्यांचे नाव होते, ते निवृत्त झाल्याला बरीच वर्षे झाली असावीत, कारण दिलेला फोन त्यांच्या सुनेने घेतला आणि “बाबा देवळात गेलेत” असे अत्यंत पारदर्शकपणे सांगितले.

उत्तर पटले नाही तर प्रथम अपील. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. सुनावणीत ज्यांनी माहिती नाकारली ते आणि ज्यांनी न्याय करायचा ते टेबलाच्या एकाच बाजूला बसतात, कारण रोजच तिथे बसतात. त्यानंतर दुसरे अपील, राज्य माहिती आयोगाकडे. तिथला निकाल लागेपर्यंत दोषदायित्व कालावधी निघून जातो. दंड आहे, दिवसाला अडीचशे रुपये, पण पंचवीस हजारांवर नाही. म्हणजे शंभर दिवसांनंतर गप्प बसणे फुकट.

अलीकडे नवी सोय झाली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) आवळले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे काहीतरी दाखवावे लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असेही तिथे लिहिलेले होते. नव्या शब्दरचनेत ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच पुरे. जनहितासाठीचे कलम ८(२) शाबूत आहे, असे जाणकार सांगतात. आहेच, फक्त जनहित कशात आहे हे पहिल्यांदा ठरवतो तो माहिती देणाराच. उद्या अभियंत्याचे नाव वैयक्तिक, ठेकेदाराचे वैयक्तिक, सही करणाऱ्याची सहीही वैयक्तिक. सार्वजनिक राहील तो खड्डा.

कचेऱ्यांची बाजूही ऐकावी. ‘आरटीआय कार्यकर्ता’ असे फोटोसह व्हिजिटिंग कार्डावर छापून फिरणारे वीर आहेत. यांना माहिती नको असते, ती न मागण्याचा मोबदला हवा असतो. त्यांच्यामुळे प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहिले जाते. पण तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टीही याच दहा रुपयांच्या स्टँपवर जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी ते फिरायला बाहेर पडले असताना त्यांची हत्या झाली. फोटोवाल्या कार्डाचा विषय निघाला की मला हे सकाळचे फिरणे आठवते आणि पुढचे बोलणे सुचत नाही.

गावाकडे निदान ग्रामसभा आहे, असे शहरातले लोक म्हणतात. आहे. गणपूर्तीला मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे गाव जमले नाही म्हणून जी सभा होऊ शकत नाही, ती गाव जमले नाही तरी नंतर होऊ शकते. अशा सभांची इतिवृत्ते फार छान असतात. सगळे ठराव सर्वानुमते.

आमच्या सोसायटीच्या नोटिशीतही हेच वाक्य असते : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.’ परवाची वार्षिक सभाही तशीच, अर्ध्या तासाने, गच्चीवर झाली. काका आमचे सेक्रेटरी. त्यांनी पदपथाच्या लढ्याचा वृत्तान्त सांगितला, टाळ्या मिळवल्या, प्रमाणित ब्लॉक सगळ्यांना दाखवला. मग हिशेब वाचायला घेतला. वडापावची पाकिटे वरती येऊन पोहोचली होती, त्यामुळे ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज पहिल्याच पानाला सुरू झाले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या.

“काका, लिफ्टच्या दुरुस्तीचं हे बिल. कोटेशनं किती जणांकडून घेतली?”

“कमिटीत चर्चा झाली आहे, वहिनी.”

“मिनिट्समध्ये दिसत नाही.”

“चर्चेप्रमाणेच बिल दिलेलं आहे.”

“सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला वह्या बघता येतात. मला बघायच्यात.”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. गच्चीवर थोडी चुळबुळ झाली. कोणीतरी म्हणाले, वडे गार होतायत.

“अवश्य,” काका म्हणाले. “अर्ज द्या. कशासाठी हवंय ते कारण लिहा.”

“किती शब्दांत?” वहिनींनी विचारले.